घरची मालमोटार

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे ज्या शहरास २०२३ पर्यंत औरंगाबाद म्हणत त्या शहरात, जुन्या अडत्यांचे आणि बागायतदारांचे काही वाडे अद्याप उभे आहेत. अशा एखाद्या वाड्याच्या मागील अंगणात क्वचित एक छोटी मालमोटार आढळते. चाके मातीत रुतलेली, टपावर चिंचेचा पाला साचलेला, हौद्यात मोडक्या बाजा आणि रिकामी पिंपे. घरातील मुलांस ती लपंडावाची जागा वाटते, बायामाणसांस अडगळ वाटते, आणि भंगारवाला वर्षातून दोनदा येऊन डोळ्यांनीच तिचे वजन करून जातो. एखाद्या वर्षी मात्र घरातील कोणाच्या तरी मनात येते की, आजोबांनी चालविलेली ही गाडी पुन्हा रस्त्यावर आणावी. तो झाकण उघडतो, इंजिनाच्या तोंडाला हॅंडल लावतो आणि सारा जोर एकवटून पाहतो. हॅंडल तसूभरही हलत नाही. इंजिन जाम झालेले असते.

येथून पुढचे काम वरवर पाहता निव्वळ मिस्त्रीचे. परंतु थोड्याच दिवसांत त्याला इतिहासाचा फाटा फुटतो. गाडी पूर्ववत करावयाची हे ठरले. पण पूर्ववत म्हणजे कोणत्या वर्षासारखी? ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर अशा गाड्या ह्या भागात कशा आल्या आणि येथे त्यांचे काय काय झाले, हे थोडे पाहिले पाहिजे.

मनमाडहून निघालेली निजामाची रेल्वे १९०० साली औरंगाबादेस पोहोचली. ही रेल्वे मीटर गेजची, आणि मनमाडहून मुंबईकडे जाणारी रेल्वे ब्रॉड गेजची. तेव्हा मुंबईस जाणाऱ्या कापसाचा प्रत्येक गठ्ठा मनमाडास एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. शिवाय रेल्वे झाली तरी ती स्टेशनापुरतीच. शेतापासून जिनापर्यंत आणि जिनापासून स्टेशनापर्यंत बैलगाडी सुटली नव्हती. १९२८ साली जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, आणि शेव्हरोले मालमोटारी दक्षिणेतील गावोगावी दिसू लागल्या. निजामाच्या राज्यात मोटारवाहतुकीला सरकारी प्रतिष्ठा आली ती जून १९३२ मध्ये. त्या महिन्यात संस्थानच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन रस्त्यावरील वाहतूक सुरू केली. त्या वेळच्या अल्बियन गाड्यांपैकी एक हैदराबादेस तेथील परिवहन महामंडळाने डागडुजी करून जतन केली आहे. सरकारी बसला असा वाली मिळतो. व्यापाऱ्याच्या मालमोटारीला घरच्या माणसांवाचून कोणी नसते.

त्या काळी अशी गाडी बाळगणे सोपे नव्हते. औरंगाबादेहून नगरकडे जाताना कायगाव-टोक्यापाशी गोदावरी ओलांडली की निजामाचा मुलूख संपे आणि इंग्रजी मुलूख लागे. निजामाचे नाणे निराळे, जकात निराळी, आणि ती वसूल करणारे करोडगिरीचे खाते तर लोकांच्या चांगल्याच परिचयाचे. गाडी बिघडली आणि तिचा भाग मुंबईस मिळण्यासारखा असला, तरी तो येथवर येण्यास राज्याची हद्द ओलांडावी लागे. वाट पाहत बसण्यापेक्षा हाताशी असेल ते बसवून गाडी चालती करावी, ही मिस्त्रीची रीत अशाच अडचणींतून पडते.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले तेव्हा ह्या रीतीची खरी कसोटी लागली. देशभर कित्येक बसगाड्यांच्या आणि मालमोटारींच्या मागे लोखंडी भट्टी बसविण्यात आली. तीत लोणारी कोळसा जाळून निघणाऱ्या वायूवर तेच पेट्रोलचे इंजिन चालू लागले. गाडी चढावर दमे आणि कोळशाची राख गाळणीतून निसटून सिलिंडरची भिंत घाशी, पण माल पोहोचे. युद्ध संपल्यावर लष्कराची उरलेली वाहने विक्रीस निघाली आणि अनेक व्यापाऱ्यांच्या दारी पहिली मालमोटार त्याच वाटेने आली.

त्यानंतर देशी उद्योगाचा काळ. वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्यास डॉज आणि फार्गो गाड्या काढल्या. महिंद्र कंपनीने माझगावास विलिस जीप जोडण्यास आरंभ केला. १९५३ साली सरकारने असे धोरण ठरविले की, ज्यांचा सुटे भाग ह्याच देशात घडविण्याचा बेत नाही त्यांनी येथील काम आवरावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स ह्यांनी लवकरच गाशा गुंडाळला. धोरण देशाच्या हिताचे होते ह्यात शंका नाही. परंतु ज्यांच्या दारात शेव्हरोले उभी होती त्यांची पंचाईत झाली. तिचे भाग आता जुन्या बाजारात शोधावयाचे, नाही तर लेथवर कातून घ्यावयाचे.

१९५४ साली टाटांनी जमशेदपुरास मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेलचे ट्रक काढले आणि मोठी वाहतूक डिझेलकडे वळली. छोट्या गाड्या मात्र बराच काळ पेट्रोलवरच राहिल्या. महिंद्र कंपनीने १९६५ च्या सुमारास बसक्या नाकाचा जो छोटा ट्रक बाजारात आणला, तोही पेट्रोलचाच. मग १९७३ साली अरब देशांनी तेलाचा हात आखडला, पेट्रोलचे भाव भडकले, आणि घरोघरच्या मालकांनी हिशेबाच्या वह्या काढल्या. पेट्रोलवर कांदे वाहून नेण्यात कांद्यापेक्षा पेट्रोल महाग पडू लागले! महिंद्रांनी ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जीपमध्ये घालून ती विकण्यास सुरुवात केली. जुन्या गाडीच्या मालकांनीही तोच मार्ग धरला. मराठवाड्यात विहिरींवर डिझेल पंप धडधडत होतेच; ते दुरुस्त करणाऱ्या फिटरांना डिझेल इंजिनाची नाडी ठाऊक होती. जुने पेट्रोल इंजिन उतरवावयाचे, त्या जागी मिळेल ते डिझेल इंजिन बसवावयाचे, पट्ट्या जोडून, भोके पाडून ते चासीवर टेकवावयाचे, असा क्रम अनेक गॅरेजांत चालू झाला.

तात्पर्य, वाड्यामागे उभ्या असलेल्या गाडीत जे इंजिन जाम होऊन बसले आहे, ते तिचे जन्माचे इंजिन असेलच असे नाही.

आता जाम होणे म्हणजे काय ते पाहू. ते दोन प्रकारचे असते, आणि त्यांतील भेद न ओळखल्याने पुष्कळ चांगली इंजिने फुकट गेली आहेत. पहिला प्रकार चालत्या इंजिनाचा. तेल संपले किंवा पाणी आटले, घाटात इंजिन तापले, दट्ट्या फुगून सिलिंडरच्या भिंतीला चिकटला, अथवा बेअरिंग वितळून क्रॅंकला घट्ट बसले. ह्यात धातू धातूत रुतलेला असतो, आणि सारे इंजिन उकलल्यावाचून गत्यंतर नसते. दुसरा प्रकार उभ्या इंजिनाचा. इंजिन थांबते तेव्हा त्याच्या कोठल्या ना कोठल्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहतोच. धुराड्याच्या नळीवाटे पावसाळी दमट हवा आत शिरते आणि बिडाच्या भिंतीवर गंज धरतो. दट्ट्याच्या कड्या, ज्यांना मिस्त्री रिंगा म्हणतात, त्याही बिडाच्याच. त्या त्या गंजात जखडून बसतात. वीस पावसाळे असे गेले की चार सिलिंडरांपैकी एखादाच बिघडलेला असतो, पण तो एकटा उरलेल्या तिघांना हलू देत नाही.

येथे उतावळ्या माणसाच्या हातून पहिली चूक होते. तो गाडीला दोर बांधतो, गियर टाकतो आणि ट्रॅक्टरने ओढवितो. चाके फिरतात, त्यांच्या जोराने क्रॅंक फिरू पाहतो, जखडलेला दट्ट्या हटत नाही, आणि मधला दांडा वाकतो. वाकलेल्या दांड्याचे इंजिन पुढे सुटले तरी कामाचे राहत नाही.

जाणता मिस्त्री प्लग काढतो आणि प्रत्येक भोकातून थोडे रॉकेल व थोडे इंजिनाचे तेल मिसळून सोडतो. मग कापडाचे बोळे बसवून चार-आठ दिवस तिकडे फिरकत नाही. गंजात तेल मुरण्यास वेळ लागतो. नंतर हॅंडलवर बेताचा जोर, एकदा पुढे आणि एकदा मागे. इंजिन केसभर जरी हलले तरी निम्मे काम झाले असे समजावे. मात्र त्या आनंदात एकदम पुरा फेरा घेऊ नये. पुढे-मागे, पुढे-मागे, मध्ये पुन्हा तेल, असे करीत वाट मोकळी करावयाची. दोन-तीन आठवड्यांतही दाद लागली नाही, तर इंजिनाचे वरचे डोके उतरवावयाचे. जुन्या विलिस जातीच्या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व डोक्यात आणि धूर सोडणारा व्हॉल्व खालच्या ठोकळ्यात अशी रचना असते. त्यामुळे डोके उतरले तरी निम्मे व्हॉल्व खालीच अडकलेले राहतात आणि त्यांची निराळी मनधरणी करावी लागते. मग खालचे तेलपात्र सोडून, बेअरिंगांच्या टोप्यांवर खुणा करून, दट्ट्यावर लाकडी ठोकळा धरून हलके ठोके द्यावयाचे. खुणा करण्याचा कंटाळा करून चालत नाही. एका जागची टोपी दुसऱ्या जागी बसविली तर क्रॅंक पुन्हा घट्ट होतो.

दट्ट्या बाहेर आला, त्याच्या माथ्यावरची काजळी पुसली, म्हणजे एक लहानशी गंमत दिसते. पुष्कळदा तेथे एक आकडा ठोकलेला असतो: वीस, तीस, चाळीस. सिलिंडर झिजला की तो कातून रुंद करतात आणि त्यात तितका मोठा दट्ट्या घालतात. ती वाढ इंचाच्या हजारांशांत दट्ट्यावर नोंदलेली असते. बेअरिंगच्या पाठीवरही अशीच नोंद असते. आजोबांच्या वहीत नसेल, घरात कोणाला आठवत नसेल, पण हे इंजिन पूर्वी उकलले गेले आहे आणि इतके इतके कातले गेले आहे, हे त्या आकड्यावरून कळते. साठच्या पुढे बहुधा कातण्यास जागा उरत नाही. मग आत नवी नळी ठोकावी लागते. ताम्रपट वाचणाऱ्यांनी ह्या लिपीची उपेक्षा करू नये.

आणि नेमका येथेच घरात मतभेद होतो. एक पक्ष म्हणतो, हे डिझेलचे धूड काढून टाका, कोठून तरी मूळचे पेट्रोल इंजिन आणा, गाडी कारखान्यातून निघाली तशी करा. दुसरा म्हणतो, आजोबांनी ती ह्याच इंजिनावर चालविली. ह्याच इंजिनावर दोन मुलींची लग्ने झाली. ते काढले तर उरेल ती गाडी आमची कशी? पहिल्या पक्षाचे म्हणणे शास्त्रशुद्ध वाटते, पण तपासून पाहता त्यात खोट आहे. कारखान्यातून निघालेली गाडी औरंगाबादची नव्हती. ती कोणाचीही होती. ती ह्या शहराची झाली ती येथील फिटराने पट्ट्या जोडून तिच्यात परके इंजिन बसविले तेव्हा. शहरालगत चिकलठाण्यास एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे; तेथे जुन्या चासीवर नवी बस बांधण्याचे काम वर्षानुवर्षे होत आले, आणि त्या बसला कोणी खोटी बस म्हटले नाही.

कायद्याचा कौल मात्र पहिल्या पक्षाकडे झुकतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी निराळ्या नोंदणीचे नियम केले. अशा वाहनाच्या चासीत, शरीरात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी त्यांत अट आहे. शिवाय हे नियम दुचाकींना आणि खाजगी वापराच्या प्रवासी चारचाकींना लागू आहेत. म्हणजे संस्थानिकाची हौसेची गाडी ह्या मानास पात्र, आणि जिने तीस वर्षे कांदा, सरकी आणि सिमेंट वाहिले ती अपात्र. एक तर ती मालवाहू, आणि दुसरे म्हणजे कामाच्या ओघात तिचे इंजिन बदललेले. जिने अधिक सोसले तिला कमी मान, असा हा न्याय आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण त्यांच्या डोळ्यांपुढे मोटारींचे प्रदर्शन होते, मोंढा नव्हता, हे उघड आहे. तेव्हा ज्याला घरची मालमोटार उभी करावयाची आहे, त्याने मानपत्राची आशा न धरता, आपल्या समाधानाकरिता आणि आपल्या खर्चाने ती करावी. त्याला एक सोय मात्र आपोआप लाभते. मूळ काय आणि उपरे काय, हे ठरविण्यास बाहेरचा परीक्षक येत नाही.

असे असल्यामुळे काही घरी तडजोड होते. बसविलेले डिझेल इंजिनच दुरुस्त करून ठेवतात, आणि मूळ इंजिन माळ्यावर किंवा गोठ्यात सापडलेच तर ते तेल चोपडून फळीवर मांडतात. सुरू करण्याच्या दिवशी नवे तेल भरून, इंजिन पेटू न देता नुसते फिरवीत राहावयाचे. तेलाच्या दाबाचा काटा उचलला, म्हणजे बेअरिंगांपर्यंत तेल पोहोचले. मगच त्याला इंधन द्यावयाचे. पहिला धूर पांढराशुभ्र आणि भरपूर निघतो, शेजारी खिडक्या लावून घेतात.

रंगाचे काम शेवटी येते. दारावरचा रंग खरवडू लागले की थरामागून थर निघतात: वरचा पिवळा, त्याखाली निळा, त्याखाली करडा. कधी त्या करड्या थरावर पुसट इंग्रजी अक्षरे दिसतात: 'प्रायव्हेट कॅरिअर'. १९३९ चा मोटार वाहन कायदा अमलात होता तोवर, म्हणजे १९८९ पर्यंत, स्वतःचाच माल वाहणाऱ्या गाडीला असा परवाना मिळे. भाड्याने दुसऱ्याचा माल न्यावयाचा तर 'पब्लिक कॅरिअर'चा घ्यावा लागे. ही अक्षरे दिसली म्हणजे रंगारी हात थांबवितो आणि खरवडणे पुढे चालवावे काय, हे विचारण्यास घरात जातो.