ऑकलंडमधील वाहनप्रवेश: पाहुण्या चालकांसाठी

फ्लॅट बुशमध्ये कमी-उत्सर्जन क्षेत्र नाही. किंबहुना वाहनाच्या धुराच्या निकषावर शुल्क आकारणारे लंडनसारखे क्षेत्र न्यूझीलंडमध्ये कोठेच नाही. लंडनमध्ये 29 ऑगस्ट 2023 पासून शहराच्या सर्व भागांत निकषाबाहेरच्या मोटारीस दिवसाला 12.50 पौंड भरावे लागतात. ऑकलंडने 2017 मध्ये सी-40 शहरांच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करून 2030 पर्यंत शहराचा एक प्रमुख भाग शून्य-उत्सर्जन करण्याचे मान्य केले, इतकेच.

पाहुण्यांची गफलत होत असे ती क्वीन स्ट्रीटवर. वेलस्ली स्ट्रीटच्या दक्षिणेकडील टप्पा पूर्वी ‘अत्यावश्यक वाहन क्षेत्र’ होता. बस, सायकल, मोटारसायकल, मालवाहू आणि आपत्कालीन वाहनांनाच तेथे वाट होती. खासगी मोटार विजेवर चालणारी असली तरी सवलत नव्हती, कारण निकष धुराचा नसून वाहनाच्या प्रकाराचा होता. हे अनेक जुन्या रहिवाशांनाही ठाऊक नसे. कॅमेऱ्याने टिपलेल्या उल्लंघनाची नोटीस नोंदणीकृत मालकाच्या नावे निघत असे. पुण्याहून आलेल्या मेहुण्यांनी यजमानांची गाडी नेली, तर दंडाचे पत्र फ्लॅट बुशच्या पत्त्यावर येत असे, बहुधा पाहुणे परतल्यानंतर. गाडी भाड्याची असल्यास ते कंपनीमार्फत चालकापर्यंत पोहोचत असे. मनुकाऊहून रेल्वेने शहरात गेल्यास हा प्रश्नच उद्भवत नसे.