दूरचित्रवाणी संचबदल : चित्रनलिकेकडून सपाट पडद्याकडे

काचेच्या चित्रनलिकेवर चालणारा जुना दूरचित्रवाणी संच काढून त्या जागी सपाट पडद्याचा संच बसवणे, म्हणजे संचबदल. बोलीत जुन्या संचाला ‘डबा टीव्ही’, ‘खोक्याचा टीव्ही’ किंवा ‘ट्यूबचा टीव्ही’ म्हणतात आणि नव्याला सरसकट ‘एलईडी’. दुकानातून नवा संच आणून भिंतीला लावला की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. ते खरे नाही. चित्र चांगले दिसणे पडद्याइतकेच येणाऱ्या सिग्नलवर, मधल्या वायरीवर आणि आपण कुठे बसतो यावर अवलंबून असते. शिवाय घराबाहेर पडणारा जुना संच कुठे जातो, हाही याच विषयाचा भाग आहे.

चित्रनलिका, शास्त्रीय भाषेत ऋण किरण नलिका, ही जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी 1897 मध्ये तयार केली. तिचा दूरचित्रवाणीसाठी उपयोग पुढे तीस वर्षांनी होऊ लागला. जपानमध्ये केन्जिरो ताकायानागी यांनी 1926 मध्ये नळीच्या पडद्यावर एक अक्षर उमटवून दाखवले, तर 1927 मध्ये अमेरिकेत फायलो फार्न्सवर्थ यांनी कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत संपूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चित्र पाठवले. नळीची रचना मुळात साधी आहे. काचेच्या निर्वात भांड्याच्या निमुळत्या मानेत इलेक्ट्रॉनांचा झोत सोडणारी ‘बंदूक’ असते. मानेभोवती बसवलेले तांब्याचे वेटोळे (योक) या झोताला डावी-उजवीकडे आणि वर-खाली वळवते. झोत समोरच्या काचेच्या आतील फॉस्फरच्या थरावर आदळला की तिथे प्रकाश पडतो. रंगीत संचात लाल, हिरव्या आणि निळ्या फॉस्फरसाठी तीन झोत असतात आणि झोताला खेचून घेण्यासाठी वीस ते पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो.

भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत एका चित्राच्या 625 रेषा असतात आणि सेकंदाला अशी 25 चित्रे रेखली जातात. म्हणजे झोत सेकंदाला 15,625 वेळा आडवा धावतो. आवाज पूर्ण बंद असतानाही जुन्या संचातून येणारी बारीक शिट्टी याच धावण्याची होती. लहान मुलांना ती शेजारच्या खोलीतूनही ऐकू येई आणि आजोबांना संचासमोर बसूनही येत नसे, कारण वय वाढते तसे इतके उंच स्वर कानाला कळेनासे होतात. संच चालू करताच आत घुमणारा ‘धप्प’ आवाज रंगीत नळीवरील चुंबकीय डाग पुसणाऱ्या वेटोळ्याचा. बंद केल्यावर पडद्यापाशी हात नेला की अंगावरचे केस उभे राहात आणि काच चुरचुरे. तो काचेवर साठलेल्या स्थिर विजेचा परिणाम. ओल्या फडक्याने पुसलेला पडदा दुसऱ्या दिवशी पुन्हा धुळीने भरे, तोही त्यामुळेच.

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते कार्यक्रम पुण्यात पोहोचले. त्या काळी संच ठेवायला रेडिओप्रमाणेच परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. लाकडी कपाटासारखा, सरकत्या शटरचा, कुलूप लावता येणारा कृष्णधवल संच ही घरातली मानाची वस्तू होती. रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये आले आणि त्याच वर्षीच्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांनी रंगीत संचांची मागणी वाढवली. ‘रामायण’ (1987) आणि ‘महाभारत’ (1988) या मालिकांच्या वेळी चाळीत, वाड्यात, गावच्या चावडीत एका नळीसमोर पन्नास-पन्नास माणसे बसत. संच बनवण्याच्या उद्योगाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. व्हिडिओकॉन कंपनीचा कारखाना औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) पैठण रस्त्यावर चितेगावला उभा राहिला आणि मराठवाड्यातील हजारो हातांना त्याने काम दिले. याच उद्योगसमूहाने 2005 मध्ये थॉमसन या फ्रेंच कंपनीचा चित्रनलिकांचा जागतिक व्यवसाय विकत घेतला. नेमक्या त्याच वर्षांत नळीचा काळ संपत आला होता.

सपाट पडद्याचे मूळही जुनेच. द्रव स्फटिकांचे गुणधर्म ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांच्या ध्यानात 1888 मध्ये आले. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने 1968 मध्ये त्यांपासून चित्रदर्शक पाटी बनवून दाखवली. प्लाझ्मा पडदा 1964 मध्ये इलिनॉय विद्यापीठात जन्मला आणि 2013-14 च्या सुमारास बाजारातून गेला. आज घरोघरी असलेला ‘एलईडी’ हा खरे तर द्रव स्फटिकांचाच पडदा आहे. त्याच्या मागे प्रकाशासाठी पूर्वी बारीक ट्यूबलाइट असत, आता एलईडी दिवे असतात, एवढाच फरक. दिव्यांचा प्रकाश लाखो बारीक झडपांतून गाळला जातो आणि प्रत्येक झडप म्हणजे चित्राचा एक ठिपका. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीमुळे पांढरा दिवा शक्य झाला, आणि त्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकीचे नोबेल मिळाले. ओएलईडी हा प्रकार वेगळा. त्यात मागे दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. नळीच्या काळ्याची सवय असलेल्या डोळ्यांना तोच सर्वांत जवळचा वाटतो.

बदलाची कारणे उघड आहेत. 29 इंची नळीचा संच हलवायला दोन धट्टीकट्टी माणसे लागत आणि जिन्याच्या वळणावर तीही थांबत. 32 इंची एलईडी एक माणूस काखेत धरून नेतो. नळीची लांबी पडद्याबरोबर वाढते, त्यामुळे मोठा पडदा हवा तर खोलीचा दीड-दोन फूट भाग संचाला द्यावा लागे. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत हा हिशेब महत्त्वाचा होता. नव्या संचाला वीजही कमी लागते. परंतु घाई केली की फसगत होते ती आकारात.

इंचांचा आकडा हा पडद्याच्या कर्णाचा असतो. नळीच्या पडद्याची रुंदी-उंची 4:3 या प्रमाणात, तर नव्याची 16:9 या प्रमाणात असते. म्हणून दोन्हींचे इंच एकमेकांशी तोलता येत नाहीत. 21 इंची नळीच्या पडद्याची उंची सुमारे 32 सेंटिमीटर भरते, तर 24 इंची सपाट पडद्याची केवळ 30. म्हणजे 21 च्या जागी 24 आणणाऱ्याला बातम्या देणाऱ्याचा चेहरा पूर्वीपेक्षा लहान दिसतो. 29 इंची संच काढून 32 इंची आणणाऱ्याचेही तेच होते : उंची 44 सेंटिमीटरवरून 40 वर येते. 21 इंची संचाच्या जागी 32 आणि 29 इंचीच्या जागी 40 ते 43 हे माप योग्य. दुसरी अडचण सुताराची. जुन्या शोकेसमधला टीव्हीचा कप्पा नळीच्या मापाने, खोल आणि अरुंद बनवलेला असतो. 32 इंची संचाला सव्वादोन फुटांहून अधिक रुंदी लागते. कित्येक घरांत यासाठी शोकेसची मधली फळी कापली गेली आणि संचाच्या डोक्यावरचा क्रोशाचा रुमाल, घड्याळ आणि लग्नाचा फोटो यांना दुसरी जागा शोधावी लागली.

यानंतर येतो सिग्नलचा प्रश्न, आणि या नोंदीतील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच. केबलचे अंकीकरण मुंबईत ऑक्टोबर 2012 अखेर आणि पुणे, नागपूर, नाशिक आदी शहरांत मार्च 2013 अखेरच्या मुदतीने झाले. त्या वेळी घराघरांत जुन्या नळीला सेट-टॉप बॉक्स जोडले गेले, पिवळ्या-पांढऱ्या-लाल टोकांच्या तीन वायरींनी. पुढे संच बदलला, पण बॉक्स आणि वायरी त्याच राहिल्या. पिवळ्या वायरीतून जास्तीत जास्त 576 रेषांचे चित्र येते. नव्या पडद्यावर याहून बऱ्याच अधिक रेषा असतात, म्हणून संच मधल्या रेषा अंदाजाने भरतो. परिणामी अक्षरांच्या कडा फाटतात, क्रिकेटच्या मैदानावरचे गवत हिरव्या शेवाळासारखे दिसते आणि घरातले म्हणतात, ‘आपला जुनाच बरा होता.’ त्यांचे डोळे बरोबर सांगत असतात. नळी स्वतःच थोडी मवाळ असल्याने कमी रेषांचे चित्र तिच्यावर खुलून दिसे. नवा संच घेताना बॉक्स एचडीचा करून घ्यावा आणि तो एचडीएमआय वायरीनेच जोडावा. एवढे जमत नसेल तर मोठा पडदा घेण्यात अर्थ नाही.

जुने कार्यक्रम पाहताना आणखी एक चूक सार्वत्रिक आहे. मुंबई दूरदर्शनवरील ‘गजरा’ असो, ‘चिमणराव’ असो की घरच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट असो, हे सारे 4:3 च्या चौकटीसाठी चित्रित झालेले आहे. ते रुंद पडद्यावर दाखवताना दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणे हेच बरोबर आहे. पट्टे नकोत म्हणून चित्र ताणले की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो, चेहरे सुजल्यासारखे दिसतात आणि बैलगाडीचे चाक अंडाकृती होते. आपल्या माणसांचे चेहरे असे विद्रूप करून पाहू नयेत. रिमोटवरील चित्रप्रमाणाच्या सेटिंगमध्ये 4:3 निवडावे. 32 इंची पडद्यावर तेव्हाही 26 इंची नळीएवढे चित्र उरते, म्हणजे मूळ 21 इंचीपेक्षा मोठेच.

संच किती उंचीवर लावावा, याचा विचार क्वचित होतो. नळी कुठूनही सारखी दिसे. अनेक स्वस्त सपाट पडदे तिरके पाहिले की फिके पडतात किंवा त्यांचे रंग बदलतात. आपल्याकडे एकाच खोलीत कोणी दिवाणावर असतो, कोणी खाली सतरंजीवर भाजी निवडत बसलेली असते. संच दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर ठोकला तर खालच्या माणसाला रंग नीट दिसत नाहीत आणि मानही दुखते. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित वर असावा. भिंत विटांची आहे की पोकळ पार्टिशनची, हे पाहून मगच ब्रॅकेटचे स्क्रू निवडावेत. पडदा पुसायला काच पुसण्याचा फवारा वापरू नये. वरचा थर काचेचा नसतो, त्यावर कायमचे डाग पडतात.

आवाजात मात्र नवा संच मागे पडला. खोक्यात मोठा स्पीकर बसे आणि त्याचे तोंड माणसाकडे असे. सपाट संचात तो बारीक होऊन खाली किंवा मागे वळला. कानाने अधू झालेल्या वडीलधाऱ्यांना संवाद कळेनासे होतात ते यामुळे. त्यांच्यासाठी वेगळा स्पीकर जोडणे ही चैन नव्हे. तसेच नळीचे चित्र क्षणार्धात उमटून विझत असल्याने वेगवान हालचाल तिच्यावर स्वच्छ दिसे. नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेममधली बदके मारण्याची प्लॅस्टिकची बंदूक सपाट पडद्यावर चालत नाही, कारण ती नळीच्या झोताच्या वेळेवर विसंबून असते. दुरुस्तीतही फरक पडला. नळीच्या संचाचा ईएचटी (उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर) गेला, आयसी जळाली, तर गल्लीतला मेकॅनिक संध्याकाळपर्यंत संच चालू करून देई. सपाट संचाचा पडदाच तडकला तर तो बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या जवळ जातो. म्हणून घरात चेंडू खेळणारी मुले असतील तर संच भिंतीवर लावलेलाच बरा.

जुन्या संचाचे मागील झाकण घरी उघडू नये. नळीची काच आतून-बाहेरून ग्राफाइटच्या थराने मढवलेली असते, त्यामुळे ती स्वतःच विजेचा साठा करते. वायर काढल्यावरही तो साठा राहू शकतो. जाणता मेकॅनिक आधी स्क्रू-ड्रायव्हरला वायर गुंडाळून तिचे दुसरे टोक नळीभोवतीच्या धातूच्या पट्टीला लावतो, मग नळीवरच्या रबरी टोपीखाली ते पाते सरकवतो. एक ‘चट्’ असा आवाज येतो, आणि त्यानंतरच तो हात घालतो. नळीच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी शिसे मिसळलेले असते. एका मोठ्या संचात ते काही किलो भरते. भंगारात संच गेला की तांब्याच्या योकसाठी मान तोडली जाते आणि उरलेली काच नाल्याकाठी किंवा कचरा डेपोत पडते. पूर्वी ही काच वितळवून नव्या नळ्या बनत. नळ्या बनणेच थांबले आणि तिचा तो ग्राहक संपला.

ई-कचऱ्यासाठी देशात 2012 पासून स्वतंत्र नियम लागू आहेत आणि वापरून झालेल्या संचांची जबाबदारी उत्पादकांवरही टाकलेली आहे. एक्स्चेंजमध्ये संच देताना तो पुढे कोणाकडे जातो, हे दुकानदाराला विचारावे. अधिकृत पुनर्चक्रण केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. चार पैसे कमी आले तरी चालेल, पण नळी अखंड, मान न तोडता, अशाच केंद्राकडे सोपवावी.