गामिनी, संजीवनी आणि पलटणचा अर्धा हंगाम

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की कबड्डीच्या इतिहासावर कधी बोलणार. आज बोलतो, पण सुरुवात इतिहासापासून नाही करत. सुरुवात करतो डिसेंबर २०२४ पासून, पुण्यात बालेवाडीला, शिवछत्रपती क्रीडा संकुलाच्या बॅडमिंटन हॉलमधून.

ऑफिस हिंजवडीला, म्हणजे बालेवाडी जवळच. संध्याकाळचा कॉल आटोपला, लॅपटॉपची बॅग पाठीला तशीच होती आणि मी तिकीट काढून आत. माझ्या शेजारी मेडशीहून आलेला माझा चुलत भाऊ. वयानं माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादाच म्हणतो. सोयाबीन विकून झालं होतं, पुण्यात काम होतं म्हणून आलेला. तो खुर्चीत एक पाय सरळ लांब करून बसला होता. तो कायम असाच बसतो. का, ते पुढं सांगतो.

समोर पुणेरी पलटण. गतविजेता संघ, स्वतःच्या शहरात. आणि मी मोबाईलवर एक्सेल उघडून हिशोब करतोय की आता किती सामने जिंकले तर पहिल्या सहात येऊ. शेवटची दोन मिनिटं, आपण ९ गुणांनी मागे. मी ओरडतोय, "दोन पॉईंट काढा रे, फक्त दोन!"

दादानं माझ्याकडं पाहिलं. "नऊनं मांगं हाय आन् तू दोन काऊन मांगून राह्यला?"

मी त्याला समजावलं, की दादा, सातच्या आत हरलं तर एक गुण मिळतो. तो हसला. म्हणाला, "हरल्याचाबी पॉईंट? आमच्या टायमाले हरलं तं एसटी पकडा लागे."

आजचा भाग त्या वाक्याबद्दल आहे.

आधी आमचं गाव सांगतो. अकोल्याहून वाशिमला निघालात, पातूर सोडलं, घाट चढलात की पुढं लागतं ते मेडशी. मालेगाव तालुका, जिल्हा वाशिम. आमच्या भागात कबड्डीचे सामने म्हणजे रात्रीचं काम. गावाबाहेरचं एखादं मोकळं शेत, नांगरून, पाणी मारून, माती बसवलेली. बांबूला हॅलोजन. चुन्याच्या रेषा. वजनगट ठरलेले, एंट्री फी ठरलेली, बक्षीस फलकावर लिहिलेलं. पंधरा-वीस गावांचे संघ टेम्पोत बसून यायचे. सामने बाद पद्धतीचे. एक हरलात की कपडे बदला. पहाटे चार-पाचला फायनल, आणि सकाळी जिंकलेला संघ गुलाल लावून टेम्पोत झोपलेला.

म्हणजे काय, की या कबड्डीला मध्य नव्हता. सुरुवात होती आणि शेवट होता. हंगामाचा अर्धा टप्पा, फॉर्म गेलाय, गणित जुळतंय की नाही, हे काही नाही. सगळा हंगाम एका रात्रीत.

आता थोडं मागं जाऊ. कबड्डीला लिखित नियम मिळाले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही दशकांत, आणि त्यात मराठी माणसांचा हात मोठा. पुण्याचा डेक्कन जिमखाना, बडोद्याचा हिंदविजय जिमखाना, यांनी हुतूतूला मैदानाचं माप दिलं, खेळाडूंची संख्या दिली. आणि आमच्या वऱ्हाडानंही आपला वाटा उचललाय बरं का. १९१४ साली स्थापन झालेलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. त्यांचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जर्मनीत गेलं आणि तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डी होती. मी हे शाळेत ऐकलं तेव्हा मला खोटं वाटलं होतं. अमरावती म्हणजे आमच्यासाठी लग्नाचा बस्ता घ्यायचं गाव, तिथली पोरं बर्लिनला?

पुढं १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. महाराष्ट्रात शंकरराव तथा बुवा साळवी यांनी आयुष्यभर या खेळाच्या मागं धावपळ केली. १५ जुलै, त्यांचा जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारतानं सुवर्ण घेतलं.

पण मला आज ज्या गोष्टीत रस आहे ती वेगळी आहे. जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते. नावं लक्षात ठेवा: अमर, गामिनी आणि संजीवनी.

अमरमध्ये गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही, फक्त समोरच्याला गुण मिळतो. गामिनीत गडी बाद झाला की गेला. त्याचा अख्खा संघ बाद होईपर्यंत त्यानं बाहेर बसायचं. आणि संजीवनीत, तुमच्या संघानं समोरचा एक गडी बाद केला की तुमचा बाहेर बसलेला एक जण जिवंत होऊन आत येतो. आज आपण जी कबड्डी टीव्हीवर बघतो ती संजीवनीवर उभी आहे. बाद होणं म्हणजे थोडा वेळ बाहेर बसणं. परत यायची वाट उघडी असते.

मैदानातला नियम संजीवनीचा झाला. पण मैदानाबाहेरची स्पर्धा? ती आमच्याकडं गामिनीच राहिली. हरलात की गेलात.

२६ जुलै २०१४. प्रो कबड्डी लीग सुरू झाली. मी तेव्हा अकोल्यात क्लाससाठी खोली करून राहत होतो. पहिला सामना यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्सचा, मुंबईनं ४५-३१ असा जिंकला. खालच्या चहाच्या टपरीवर टीव्ही होता आणि माझं फिजिक्स त्या महिन्यात वाहून गेलं. आठ संघ, प्रत्येकाला साखळीत १४ सामने. यू मुंबा पहिल्याच वर्षी फायनलला गेली, हरली, आणि दुसऱ्या वर्षी अनुपकुमारच्या कप्तानीखाली जिंकली. मग सगळे मित्र मुंबईवाले झाले. मी पलटणचा झालो. पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत आठपैकी आठवी आली. लोक विचारायचे, तुला दुसरा संघ नाही मिळाला का. खरं सांगायचं तर मला हेच नवल वाटायचं, की हरलेला संघ तीन दिवसांनी परत टीव्हीवर दिसतो. परत चढाई करतो. एसटी पकडून घरी जात नाही.

लीगनं कबड्डीला मॅट दिली, लाईट दिले, पैसा दिला, हे सगळे सांगतात. माझ्या मते लीगनं या खेळाला सगळ्यात मोठी गोष्ट दिली ती म्हणजे हंगामाचा मध्य. संघ १२ झाले, सामने २२ झाले. जिंकलं तर ५ गुण, बरोबरीला ३, आणि ७ किंवा कमी फरकानं हरलं तर १. हरण्यातही कमी हरणं आणि जास्त हरणं असा फरक आला. चुकायला, बसायला, सुधारायला जागा आली. स्पर्धेलाच संजीवनी लागली म्हणा.

आणि मग पलटण चांगली झाली हो. नवव्या हंगामात फायनल, जयपूरकडून ३३-२९ नं हार. दहाव्यात तर कहरच. साखळीच्या २२ सामन्यांत फक्त २ पराभव. १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिल्यांदा विजेते. कर्णधार अस्लम इनामदार, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेला पोरगा. बचावात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. त्या वर्षी मला मध्य जाणवलाच नाही. रोज जिंकणाऱ्या माणसाला तक्ता बघायची गरज पडत नाही.

अकराव्या हंगामात गरज पडली. शादलुई लिलावात हरियाणाकडं गेला. सुरुवात बरी झाली होती, हैदराबादच्या टप्प्यात आपण जिंकत होतो. आणि हंगामाच्या मध्यावर अस्लमचा गुडघा गेला. बातमी आली की उरलेला हंगाम तो खेळणार नाही. आकाश शिंदेनं कप्तानी घेतली. पोरं झटली, पण चढाईतला तो भरवसा गेला. आधी जो सामना आपण शेवटच्या पाच मिनिटांत ओढून आणायचो तो हातातून निसटायला लागला. डिसेंबरात सामने पुण्यात आले तेव्हा माझं एक्सेल चालू झालं होतं, हे तुम्हाला सांगितलंच.

त्या रात्री परतताना रिक्षात मी चिडलेला. म्हटलं, "दादा, अस्लमला एखाद-दोन सामन्यांना तरी उतरवायला पाहिजे होतं. पट्टी बांधून. इथं सगळा हंगाम चाललाय."

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. आडवा घातलेला पाय त्यानं हातानं उचलून नीट ठेवला.

आता ती गोष्ट. साल २०१२. मी नववीत. जवळच्याच एका गावात सामने होते, नाव नाही घेत. पहिलं बक्षीस ५,००१ रुपये. दादा आमच्या संघाचा मुख्य चढाईवाला, बावीस वर्षांचा. तिसऱ्या सामन्यात वळताना त्याचा घोटा धरला गेला आणि अंग एकीकडं, गुडघा एकीकडं. मला आवाज ऐकू आला होता, मी रेषेजवळच बसलो होतो. बाहेर आणलं, कुणीतरी स्प्रे मारला, कुणीतरी गमछा घट्ट बांधला. कुणी त्याला जबरदस्ती केली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. उलट एक म्हातारे गृहस्थ म्हणत होते, बस रे पोरा. पण तो बसला कसा असता? पुढचा सामना अर्ध्या तासात होता. बसला की संघ हरणार, हरला की घरी. तो सेमीफायनल खेळला आणि फायनलही खेळला. आम्ही जिंकलो. मीही गुलाल लावून नाचलो. त्याच्या वाट्याला त्या बक्षिसातले सातशे रुपये आले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी लिगामेंट तुटल्याचं सांगितलं. ऑपरेशनचा आकडा सांगितला. त्या वर्षी कापूस काय भावानं गेला होता ते मोठी आई अजून सांगते. ऑपरेशन पुढच्या वर्षीवर गेलं, मग बहिणीचं लग्न आलं, मग त्याच्या पुढच्या वर्षीवर गेलं. दादा परत खेळला नाही. आज ट्रॅक्टरचा क्लच दाबताना त्याचा चेहरा बघा तुम्ही.

तर रिक्षात, वाकडजवळच्या सिग्नलला, तो म्हणाला, "बसू दे त्याले. त्याले पुढचा सीझन हाय."

बस्स, एवढंच. मी एक्सेल बंद केलं.

पलटण त्या हंगामात १२ पैकी आठवी आली. फायनल २९ डिसेंबरला पुण्यातच झाली आणि हरियाणा जिंकली. शादलुई आपल्याच शहरात, दुसऱ्यांच्या जर्सीत, चषक उचलत होता. चाहता म्हणून सांगतो, ते बघणं कठीण होतं.

आणि २०२५. बारावा हंगाम. अस्लम परत, कर्णधार म्हणून. प्रशिक्षक अजय ठाकूर. पलटण साखळीत पहिली आली. ३१ ऑक्टोबरला दिल्लीत फायनल, दबंग दिल्लीकडून ३१-२८ नं हार. तीन गुणांनी. मी टीव्हीसमोर, दादा मेडशीत मोबाईलसमोर. सामना संपल्यावर त्याचा फोन आला. मला वाटलं निराश असेल. तो म्हणाला, "गुडघा पाह्यला का त्याचा? वळताना अडकत नाई."

मी स्कोअर बघत होतो, तो गुडघा बघत होता.

एक गंमत अजून. बाराव्या हंगामापासून साखळीत जिंकलं तर २ गुण आणि हरलं तर शून्य झालं. बरोबरीही राहिली नाही, टायब्रेकरवर निकाल. म्हणजे सातच्या आत हरल्याचा तो माझा लाडका एक गुण गेला. मी दादाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बरं झालं, हरणं ते हरणंच. मला मात्र थोडं वाईट वाटलं. पण पुढचा सामना अजून आहे, तोवर चालेल.

आता माझा मुद्दा. आपण पलटणच्या अर्ध्या हंगामाची चिरफाड करतो, अमुक बसला, तमुक बदलला, गणित चुकलं. करूच. पण बसायला जागा असणं ही या खेळात नवी गोष्ट आहे, दहा-बारा वर्षांची. तीही फक्त वरच्या मूठभर खेळाडूंना. पगार आहे, फिजिओ आहे, पुढचा सामना आहे, म्हणून ते बसू शकतात. आमच्याकडच्या हॅलोजनखालच्या पोराला आजही तीच रात्र, तोच टेम्पो, तेच अर्ध्या तासानं सुरू होणारं सेमीफायनल. मैदानात संजीवनी, मैदानाबाहेर गामिनी.

म्हणून यंदा आम्ही गावातल्या मित्रांनी ठरवलंय. आमच्या सामन्यांत दोन रात्री, चार-चार संघांचे गट, प्रत्येकाला किमान तीन सामने. एक हरलं तरी घरी नाही. रेषेजवळ एक डॉक्टर, आणि त्यानं बस म्हटलं की बसायचं. खर्च वाढतोय, वर्गणी चालू आहे, आणि बाद पद्धतच बरी म्हणणारे काका लोक नाराज आहेत. त्यांना समजावायचं काम दादाकडं दिलंय. पाय लांब करून बसतो समोर, जास्त बोलावं लागत नाही त्याला.

तुमच्या गावात असे सामने होत असतील तर कसे होतात, कुणाला लागलं तर काय करता, ते व्हॉईस नोटवर नक्की पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवतो. तोवर, गुडघे सांभाळा. भेटू.