काचेवरच्या दोन धारा : मोटारीच्या वॉशर जेटचा विस्मृत इतिहास

१/ मोटारीच्या बॉनेटवर, वायपरच्या पायथ्याशी, दोन काळी बोंडे असतात. त्यांतील छिद्र जेमतेम एक मिलिमीटरचे, किंबहुना त्याहून बारीक. ते बुजले तरी गाडी अडत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. मग एखाद्या दिवशी पुढचा ट्रक काचेवर चिखल उडवतो, कोरडा वायपर तो चिखल काचभर सारवतो आणि चालकाला समोरचे काहीच दिसेनासे होते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांचे हे आंधळेपण म्हणजे ६६ मीटर रस्ता.

या दोन छिद्रांमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचा हा थ्रेड.

२/ आरंभीच्या मोटारींना पुढची काच नव्हतीच. चालक डोळ्यांवर गॉगल चढवी आणि धूळ, वारा, पाऊस अंगावर घेई. वेग वाढला तशी काच आली. पण ती साधी काच होती. अपघातात तिच्या सुऱ्या होत. फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आतल्या बाजूस सेल्युलोज नायट्रेटचा पातळ थर वाळून बसला होता. पुढे १९०९ मध्ये त्यांनी थरांच्या सुरक्षित काचेचे पेटंट घेतले.

काचेने चालकाला आडोसा दिला आणि नवा प्रश्नही दिला. गॉगल हाताने पुसता येई. काच पुसायची कोणी?

३/ त्याच १९०३ सालाच्या आसपासची गोष्ट. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. बर्फाळ पाऊस पडत होता. ट्रामच्या चालकाला समोरचे दिसावे म्हणून काच उघडावी लागत होती किंवा खाली उतरून हाताने पुसावी लागत होती. उघडावी तर बोचरा वारा आत, बंद ठेवावी तर समोर काही दिसत नाही. प्रवासी गारठत होते आणि गाडी रेंगाळत होती. सर्वांनी ही गैरसोय नित्याची म्हणून स्वीकारली होती. अँडरसन यांनी ती स्वीकारली नाही.

४/ त्यांची रचना सोपी होती. काचेबाहेर रबराची पट्टी लावलेला दांडा, स्प्रिंगने तो काचेला घट्ट टेकलेला आणि आत चालकाच्या हाताशी एक लीव्हर. लीव्हर फिरवला की पट्टी काचेवरून फिरे. उघाडीच्या दिवसांत दांडा काढूनही ठेवता येई. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना अमेरिकी पेटंट मिळाले.

१९०५ मध्ये त्यांनी हे हक्क एका कॅनेडियन कंपनीस देऊ केले. उत्तर आले की, विक्रीची जबाबदारी घ्यावी इतके व्यापारी मूल्य या वस्तूत नाही.

५/ त्या नकाराला केवळ अडाणीपणा म्हणता येणार नाही. फोर्डचे मॉडेल टी यायला अजून तीन वर्षे होती. मोटारी मोजक्या होत्या आणि पावसात त्या बाहेर काढण्याचा प्रसंगही विरळा. मोटार सामान्य माणसाच्या दारी पोहोचली तोवर १९२० उजाडले आणि पेटंटची मुदत संपली. पुढे घरोघर पोहोचलेल्या या वस्तूतून अँडरसन यांना काहीही मिळाले नाही. १९५३ मध्ये त्या निवर्तल्या. अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचे नाव दाखल झाले ते २०११ मध्ये.

६/ दुसरे नाव शार्लट ब्रिजवुड यांचे. १९१७ मध्ये त्यांनी विजेवर चालणाऱ्या, रूळ वापरणाऱ्या काचपुसणीचे पेटंट घेतले. मूकपटांच्या काळातील प्रसिद्ध अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स या त्यांच्या कन्या. ब्रिजवुड यांनाही यातून धन लाभले नाही. वायपरच्या आरंभकाळातील ही दोन स्त्रियांची नावे पुढे कारखानदारांच्या नावांखाली दीर्घकाळ झाकली गेली.

७/ त्याच १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात जॉन ओइशेई नावाचे गृहस्थ पावसात मोटार चालवत होते. ओल्या काचेतून सायकलस्वार दिसला नाही आणि धडक बसली. सायकलस्वार बचावला, पण ओइशेई यांच्या मनाला ती गोष्ट लागली. त्यांनी काचपुसणीचा धंदा उभारला. तीच पुढे ‘ट्रायको’ म्हणून जगभर पोहोचलेली कंपनी. अँडरसन यांची कल्पना गैरसोयीतून जन्मली होती. ओइशेई यांचा उद्योग अपराधभावातून.

८/ हाताचा वायपर गेला आणि इंजिनच्या निर्वातावर चालणारा आला. इंजिन हवा ओढते तेव्हा नळीत जी पोकळी निर्माण होते, तिच्या बळावर वायपर हले. यात एक विचित्र खोट होती. चढावर किंवा वेग वाढवताना ॲक्सिलरेटर दाबला की निर्वात कमी होई आणि वायपर मंदावे, कधी थांबेही. नजरेची सर्वाधिक गरज असे त्याच क्षणी काच धूसर होई. विजेची मोटर सर्वत्र आल्यावरच ही खोड गेली.

९/ एवढे होऊनही अर्धाच प्रश्न सुटला होता. वायपर पावसावर विसंबून असतो. पाऊस थांबला, रस्ता ओला राहिला आणि पुढच्या चाकांनी चिखल उडवला, तर? उन्हाळ्यातली धूळ, काचेवर आपटून मेलेले किडे, पाखरांची विष्ठा यांवर कोरडा वायपर निरुपयोगी. उलट वाळूचे कण घासून काचेवर चरे पाडणारा. गाडीने आपला पाऊस सोबत बाळगणे हाच उपाय होता.

१९३०च्या दशकात असे वॉशर बाजारात आले. सुरुवातीच्या रचनांत काचेची बरणी किंवा रबरी पिशवी, तिच्यातून निघालेली नळी आणि पायाने किंवा निर्वाताने चालणारा पंप असे. विजेचा छोटा पंप नंतरचा.

१०/ बराच काळ वॉशर ही चैनीची वस्तू होती. पैसे मोजून वेगळी बसवून घ्यायची. कायद्याने ते चित्र पालटले. अमेरिकेत वायपर आणि वॉशर या दोहोंसाठी संघीय सुरक्षा मानक १ जानेवारी १९६८ पासून लागू झाले. ब्रिटनमध्ये १९८६ च्या वाहनबांधणी नियमांनुसार ज्या गाडीला वायपर सक्तीचा, तिला वॉशरही सक्तीचा आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०१ वा नियम यंत्रचलित वायपर बंधनकारक करतो.

अँडरसन यांच्या ज्या वस्तूत व्यापारी मूल्य नव्हते, तिच्यावाचून गाडी रस्त्यावर आणणे आता बेकायदा ठरले.

११/ जेटच्या बोंडालाही इतिहास आहे. जुन्या जेटमधून एकच सरळ धार निघे. १९६०च्या सुमारास वॉशिंग्टन येथील अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत प्रवाहावर चालणारी नियंत्रणयंत्रे शोधली जात होती. वाहते द्रव लगतच्या पृष्ठभागाला बिलगू पाहते, या गुणधर्माचा तेथे उपयोग केला गेला. त्या कामातले एक संशोधक रोमाल्ड बोल्स यांनी पुढे कंपनी काढली आणि हे तत्त्व अखेर वॉशरच्या जेटमध्ये उतरले. अशा जेटमध्ये एकही भाग हलत नाही, तरी आतल्या पोकळीच्या आकारामुळे धार डावी-उजवीकडे अतिवेगाने डोलते आणि पंख्यासारखी पसरते. पाणी कमी लागते, काच अधिक भिजते. मात्र आतली पोकळी नाजूक. थोडा गाळ बसला तरी तिचे तंत्र बिघडते.

१२/ टाकीत काय भरावे, हा प्रश्न त्याहून गंभीर निघाला. थंड प्रदेशांत साधे पाणी गोठते, टाकी आणि पंप फुटतात. म्हणून त्यात मिथेनॉल मिसळू लागले. मिथेनॉल स्वस्त आहे, पण पोटात गेल्यास शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते दृष्टीच्या मज्जातंतूवर घाला घालते. पूर्व युरोपात गरीब, व्यसनग्रस्त माणसे हे द्रव दारूऐवजी पिऊन दगावत होती. पोलंडच्या प्रस्तावावरून युरोपीय संघाने २०१८ मध्ये नियम केला आणि मे २०१९ पासून सामान्य ग्राहकांसाठीच्या वॉशर द्रवात ०.६ टक्के वा त्याहून अधिक मिथेनॉल असण्यास बंदी घातली. रस्ता स्वच्छ दिसावा म्हणून बनवलेले द्रव माणसांची दृष्टी हिरावत होते.

१३/ मग निव्वळ पाणी तरी निर्धोक का? त्याची कथा १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात सुरू होते. ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन तेथे भरले होते. त्यानंतर न्यूमोनियासारख्या अज्ञात आजाराची साथ उसळली आणि ३४ जण दगावले. १९७७ च्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड यांनी रोगाचा जिवाणू शोधल्याचे जाहीर झाले. संघटनेवरून त्याचे नाव पडले ‘लीजनेला’. हा जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे फुप्फुसात शिरतो.

कोमट, साचलेले पाणी आणि त्याचे तुषार. वॉशरच्या टाकीचे वर्णन करायचे तर हेच शब्द वापरावे लागतील.

१४/ २०१० मध्ये ब्रिटनच्या आरोग्य संरक्षण संस्थेतील संशोधकांनी हा धागा जुळवला. ज्या गाड्यांच्या टाकीत वॉशर द्रव न घालता नुसते पाणी होते, त्यांतून फिरणाऱ्यांना या आजाराचा धोका अधिक असल्याचे त्यांना दिसले. इंग्लंड व वेल्समधील तुरळक रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा यामुळे असू शकतो, असा त्यांचा अंदाज होता. २०१४ मध्ये ॲरिझोनातील शाळेच्या बसगाड्यांच्या टाक्या तपासल्या, तेव्हा बहुतेकींत हा जिवाणू सापडला. बुजलेल्या जेटमधला बुळबुळीत थर म्हणूनच केवळ घाण म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

१५/ जेट बुजते कशाने? मुख्य कारणे तीन. पहिले क्षार: दुष्फेन पाणी छिद्राच्या तोंडाशी वाळते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा कण मागे ठेवते. इंजिनची ऊब आणि ऊन हे काम जलद करतात. बोअरवेलचे पाणी टाकीत ओतणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो. दुसरे शेवाळ आणि जिवाणूंचा थर. तिसरे बाहेरची धूळ, पालापाचोळा आणि बॉनेटला लावलेले पॉलिश. भिन्न प्रकारची द्रवे एकत्र ओतल्यास कधी कधी टाकीत जेलीसारखा गोळाही जमतो.

१६/ दुरुस्तीआधी दोष कुठे आहे ते पाहावे. वॉशरचा दांडा ओढल्यावर पंपाचा आवाज येत नसेल, तर फ्यूज किंवा पंप तपासावा. आवाज येतो पण पाणी नाही, तर बॉनेट उघडून जेटच्या खालची नळी काढावी आणि दुसऱ्याला दांडा ओढायला सांगावे. नळीतून जोरात पाणी आले, तर जेटच बुजले आहे. तेथेही पाणी आले नाही, तर नळी दुमडली किंवा निसटली आहे, किंवा टाकीतली पंपाची जाळी गाळाने भरली आहे. रिकाम्या टाकीवर पंप चालवत राहू नये, तो जळतो.

१७/ साध्या छिद्राचे जेट बारीक सुईने हलक्या हाताने मोकळे होते. जोर लावल्यास छिद्र मोठे होते आणि धार बिघडते. पंख्यासारख्या फवाऱ्याच्या जेटमध्ये सुई खुपसूच नये. नळी काढून हवा बाहेरच्या तोंडाकडून आत फुंकावी, म्हणजे अडकलेला कण आल्या वाटेने परत जातो. क्षार असतील तर जेट काढून कोमट पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तासभर बुडवावे. आम्लाने कार्बोनेट विरघळते. मग टाकी रिकामी करून स्वच्छ धुवावी, नाहीतर तोच गाळ पुन्हा छिद्राशी येतो. शेवटी धार काचेच्या मधोमध पडते का ते पाहावे. गोळीच्या जेटचा रोख सुईनेच किंचित वळवता येतो.

१८/ यानंतर टाकीत शक्यतो क्षारविरहित पाणी आणि योग्य वॉशर द्रव घालावे. भांडी घासण्याचा साबण घालू नये. त्याचा फेस काचेवर वाळून डाग उरतात. पावसाळा सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा धार तपासावी. घाटातल्या चिखलात ही तपासणी करण्याची वेळ येऊ नये, एवढेच.

१९/ हा सारा इतिहास एका दिशेने गेलेला दिसतो. काच पुसण्याचे काम आधी चालकाच्या हातात होते, मग लीव्हरवर आले, मग इंजिनवर आणि अखेर बॉनेटखालच्या एका पंपावर गेले. प्रत्येक पायरीवर श्रम कमी झाले आणि यंत्र नजरेआड होत गेले. जे नजरेआड जाते त्याची देखभाल थांबते आणि ते घडवणाऱ्यांची नावेही पुसली जातात. अँडरसन यांच्या नावाची नोंद व्हायला एक शतक लोटले. जेट मोकळे करायला सुई, व्हिनेगर आणि सुट्टीच्या दिवसातला एक तास पुरतो.