दूध कोणाला पचते?

अमेरिकेतील डॉक्टरांनी १९६६ साली असे दाखविले की, तिथल्या बहुसंख्य गोऱ्या प्रौढांना दुधातील साखर पचते, काळ्यांपैकी बहुतेकांना पचत नाही. या न पचण्याला नाव मिळाले ‘लॅक्टेजची न्यूनता’. न्यूनता कोणाच्या मापाने? अंगावरचे दूध सुटले की ही साखर फोडणारे लॅक्टेज हे पाचकद्रव्य कमी होत जाते, हा सस्तन प्राण्यांचा मूळ नियम होय. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढ आजही त्याच नियमाने चालतात. अपवाद आहेत ते बाकीचे!

या अपवादाचे मूळ २००२ साली फिनलंडमधील कुटुंबांत सापडले. लॅक्टेजचे जनुक सर्वांचे सारखेच होते. फरक होता तो आनुवंशिक लिखाणात त्याच्या सुमारे १४,००० अक्षरे अलीकडे, शेजारच्या जनुकाच्या पोटात, अवघ्या एका अक्षराचा. साचा तोच, तो किती काळ चालवायचा हे ठरविणारी कळ निराळ्या ठिकाणी. गिरणी पाहिलेल्याला हे नवल वाटू नये.

पण हा बदल योगायोगाने फैलावला की निसर्गाने निवडला, हे कसे ओळखावे? बदल प्रथम एका पूर्वजात घडतो आणि त्याच्या आजूबाजूची अक्षरे त्याच्याबरोबर वंशजांकडे जातात. दर पिढीत पत्ते पिसल्याप्रमाणे हे लिखाण पिसले जाते व सोबतचा अखंड पट्टा आखूड होत जातो. बदल पुष्कळांत आढळावा आणि पट्टा मात्र लांबच असावा, तर तो फार झपाट्याने पसरला असला पाहिजे. २००४ साली युरोपीय वंशाच्या लोकांत हा पट्टा दहा लाख अक्षरांहून लांब भरला. २००७ साली टांझानिया, केनिया व सुदान येथील लोकांत त्याच कळीपाशी, पण निराळ्या अक्षरांत, बदल सापडले. भारतात मात्र मुख्यतः युरोपातलाच बदल आढळतो. वायव्येस अधिक, दक्षिणेस व पूर्वेस कमी.

मग निवड केली कोणी? दुधाने, असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले. २०२२ साली युरोपातील हजारो खापरांतील चरबी तपासल्यावर ते उत्तर अपुरे ठरले. बदल सर्वत्र पसरला तो इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास. त्याआधी हजारो वर्षे लोक दूध वापरीतच होते. ब्रिटनमध्ये आजही कळ बंद झालेली माणसे दूध पितात आणि त्यांचे फारसे बिघडत नाही. संशोधकांचा हिशेब जुळला तो दुष्काळ आणि रोगराई यांच्याशी. पोटभर जेवणाऱ्याला दुधाने ढाळ लागले तर त्याचा एक दिवस वाया जातो. उपाशी माणूस त्याच ढाळांनी मरतो.