छाट: धुराडं नसलेल्या कारखान्याचं उत्खनन

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना मध्ये मध्ये येणारे "म्हणजे" आणि "तर" थोडे कमी केलेत, बाकी जवळपास तसंच आहे.

पुरातत्त्व म्हटलं की आमच्या भंडारा जिल्ह्यात पहिलं नाव येतं पवनीचं. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे खोदकाम केलं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप जमिनीतून वर आला. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण मला त्यातलं साल जास्त आवडतं. 1969-70. त्या वर्षी पवनीत मातीचे थर एकेक करून मोजले जात होते, आणि त्याच जिल्ह्यातल्या शेकडो घरांत बायका मांडीवर सुपडं घेऊन बिड्या वळत होत्या. स्तूपाचा अहवाल छापला गेला. सुपड्याचा अहवाल कोण लिहिणार?

आजचा एपिसोड त्यावर आहे.

शंभर वर्षांची अडचण

कारखाने, खाणी, रेल्वे, गिरण्या यांच्या अवशेषांचा अभ्यास म्हणजे औद्योगिक पुरातत्त्व. हा शब्द लोकांपर्यंत पोहोचवला तो इंग्लंडच्या मायकल रिक्स यांनी, 1955 साली. ते प्रौढ शिक्षणाच्या वर्गांना शिकवायचे आणि लेख लिहिला तो हौशी इतिहासकारांच्या मासिकात. म्हणजे हा विषय सुरुवातीपासूनच थोडा संध्याकाळच्या वर्गाचा, नोकरी सांभाळून इतिहास करणाऱ्यांचा आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांचा.

आपल्याकडे अडचण अशी, की केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते. 1972 च्या पुरावस्तू कायद्यातही वस्तूंसाठी शंभर वर्षं, हस्तलिखितांसाठी 75. आता हिशोब करा. एखादा कारखाना 1950 साली उभा राहिला आणि 1995 ला बंद पडला. त्याला शंभर वर्षं होणार 2050 मध्ये. तोवर पत्रा भंगारात, जागा प्लॉटिंगला, आणि तिथे काम केलेली माणसं? ती तर केव्हाच गेलेली.

नागपूरची एम्प्रेस मिल घ्या. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली. ती तर शंभरी पार करूनही वाचली नाही. आज तिथे मॉल आहे. विदर्भातली कितीतरी पोरं त्या मॉलमध्ये पिक्चर बघतात, आणि "एम्प्रेस" हे नाव कुठून आलं ते त्यांना माहीत नसतं.

एकोडीत धुराडं शोधू नका

मी एकोडीचा. साकोली तालुका, साकोली–तुमसर रस्ता. धान, तलाव, बोड्या. इथे औद्योगिक पुरातत्त्व म्हटलं तर लोक हसतील. ना धुराडं, ना भोंगा, ना गिरणीची भिंत.

पण उद्योग होता. आणि मोठा होता. 1999 पर्यंत गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच होता, आणि या सगळ्या पट्ट्यात विसाव्या शतकात बिडीचा धंदा पसरला. कारणं समोर दिसतात. जंगलात तेंदूची झाडं, माल न्यायला कलकत्त्याकडे जाणारी रेल्वे, आणि धानाचा हंगाम संपला की रिकामे राहणारे हात. स्वदेशीच्या काळात लोकांनी विलायती सिगारेट सोडली, त्याचाही बिडीला फायदा झाला.

आता या उद्योगाचं यंत्र बघा. पत्र्याचा एक छोटा तुकडा, फर्मा. तेंदूचं भिजवलेलं पान त्यावर ठेवायचं, कात्रीनं त्या मापात कापायचं. त्यात जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. सुपडं, कात्री, फर्मा, दोरा. झाला कारखाना. जागा म्हणजे घराची ओसरी. शिफ्ट म्हणजे स्वयंपाक आटोपल्यापासून दिवेलागणीपर्यंत. मजुरी हजार बिड्यांवर.

माझ्या आजीकडे असा एक फर्मा होता. बघणाऱ्याला तो डब्याचा कापलेला पत्रा वाटेल. पुरातत्त्ववाला तो मोजेल, फोटो काढेल, "लोखंडी पट्टी, उपयोग अज्ञात" असं लिहून ठेवेल. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर ही डॉक्युमेंटेशन नसलेली जुनी सिस्टिम आहे. कोड समोर आहे, पण तो तसा का लिहिला हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत. इथे लिहिणारी म्हणजे आजी.

छाट म्हणजे काय

एक शब्द सांगतो जो कुठल्याही भिंतीवर कोरलेला सापडणार नाही. छाट.

संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी बाई बिड्या घेऊन सट्टेदाराकडे जायची. सट्टेदार म्हणजे मधला कंत्राटदार. कंपनीकडून पान-तंबाखू आणायचा, घरोघरी वाटायचा, तयार बिड्या गोळा करायचा. तिथे बिड्या तपासल्या जायच्या. ही बारीक, ही ढिली, याचं पान फाटकं. बाजूला काढलेल्या बिड्या म्हणजे छाट. त्यांची मजुरी मिळायची नाही. बायकांची सगळ्यात जुनी तक्रार हीच, की छाट काढायची आणि वर तीच बिडी विकायची. पुढे छाट किती टक्के काढता येईल यावर नियमांत मर्यादा घालावी लागली, यावरून काय ते समजा.

आता गंमत बघा. मालकांचा कोर्टातला मुद्दा कायम एकच असायचा: या लोकांवर आमचा ताबा नाही. केव्हा येतात, केव्हा जातात, किती करतात, त्यांची मर्जी. मग हे आमचे कामगार कसे?

1958 मध्ये सुप्रीम कोर्टात सागरच्या बिडी कारखान्याचा खटला झाला. त्यात सट्टेदार हा स्वतंत्र कंत्राटदार ठरला, कारखान्याचा कामगार नव्हे. म्हणजे त्याच्या मागे असलेली माणसंही फॅक्टरी कायद्याच्या बाहेरच राहिली.

मग आला नागपूरचा खटला. बिरधीचंद शर्मा विरुद्ध फर्स्ट सिव्हिल जज, 1961 च्या लॉ रिपोर्टमध्ये छापलेला. बिडी कारखान्यात बसून काम करणाऱ्या कामगारांनी रजेचा पगार मागितला होता. मालक म्हणाला, हे तर मनात येईल तेव्हा येतात-जातात. कोर्टानं बघितलं की बिडी ठरलेल्या दर्जाची नसेल तर ती नाकारली जाते. म्हणजे दिवसाच्या शेवटी का होईना, कामावर देखरेख आहे. म्हणून हे कामगार आहेत.

1966 मध्ये बिडी आणि सिगार कामगारांचा वेगळा कायदा झाला आणि त्यात घरी बसून बिड्या वळणाऱ्यालाही कामगार म्हटलं गेलं. 1977 पासून प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा या उद्योगाला लागू झाला. मालक पुन्हा कोर्टात गेले: घरी काम करणारे आमचे कसे? 1985 मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की माल नाकारण्याचा हक्क हाच नियंत्रणाचा पुरेसा पुरावा ठरू शकतो. घरी बसून बिड्या वळणारेही पीएफच्या कायद्यात येतात.

ज्या छाटीनं बाईची मजुरी कापली, त्याच छाटीनं ती कामगार असल्याचं सिद्ध केलं.

हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "आजी, तुम्ही बिडी कामगार होतात ना?" त्या म्हणाल्या, "आमी का कामगार होतो? घरीच तं बिड्या वळत होतो." मग मी छाटीचं विचारलं. पुढची चाळीस मिनिटं त्या थांबल्या नाहीत. कोण तपासायचा, कुठे बसायचा, कोणाची छाट कमी निघायची आणि का. "कामगार" हा शब्द त्यांना आपला वाटत नव्हता, पण कामगार असल्याचा सगळा पुरावा त्यांच्याकडे होता.

म्हणून मला वाटतं, लोकांना "सहभागी करून घ्या" हे बोलणंच उलटं आहे. इथे खोदायची जमीनच ती माणसं आहेत.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला

एकोडीवरून तुमसरला जा आणि तिथून आणखी उत्तरेला, गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्ग. इथे मात्र अवशेष डोंगराएवढे आहेत. मँगनीज. पोलाद करायला लागतं, आणि डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साईड बॅटरीच्या सेलमध्ये जातं.

1896 ला सुरू झालेली ब्रिटिश कंपनी पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली आणि 1962 मध्ये त्यातून आजची मॉईल आली. 1905 च्या क्रांतीच्या गडबडीत रशियाचं, म्हणजे आजच्या जॉर्जियातलं मँगनीज अडलं, जगात भाव चढले आणि मध्य प्रांतातल्या खाणींना तेजी आली. तिकडे संप, इकडे कुदळ.

लुईस फर्मर या भूवैज्ञानिकानं 1909 मध्ये भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. इथल्या एका खडकाला त्यानं गोंड लोकांवरून "गोंडाइट" नाव दिलं. जगभरचे भूशास्त्राचे विद्यार्थी हे नाव पाठ करतात. पण हातोडीनं धोंडे फोडून चांगलं-वाईट वेगळं करणाऱ्या बाया-माणसांची नावं शोधायला गेलात, तर ग्रंथ मदत करत नाही.

आणि खाणीतले जुने ढिगारेही कायम राहत नाहीत. पूर्वी हलकं म्हणून टाकलेला माल पुढे तंत्र सुधारलं की पुन्हा चाळला जातो. धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच आहे. पण ढिगाऱ्यातल्या दगडाचा आकार सांगत असतो की तो हातानं फोडलाय की यंत्रानं. तो गेला की विचारायला माणूसच उरतो.

हे आधी कोणी केलंय का?

केलंय. मुंबईत 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि नंतर गिरण्यांच्या जागी टॉवर आले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन 2004 मध्ये इंग्रजीत एक मोठं पुस्तक काढलं. शंभर वर्षांची गोष्ट, शंभर आवाजांत. गिरण्या पडल्या, आवाज राहिले.

स्वीडनमध्ये स्वेन लिंडक्विस्ट या लेखकानं 1978 साली एक पुस्तक लिहिलं, नावाचा अर्थ "जिथे उभे आहात तिथे खणा". त्यानं सिमेंट उद्योगाचं उदाहरण घेतलं आणि कामगारांना सांगितलं: कंपनीचा इतिहास कंपनी लिहिते, पण तुमच्या कामाचे तज्ज्ञ तुम्हीच आहात. त्यातून तिथे गावोगावी अभ्यासमंडळं निघाली. तेव्हा त्यांच्याकडे आपल्यासारखा खिशात रेकॉर्डरही नव्हता.

मग करायचं काय?

मी जे करतो ते सांगतो.

"तुमच्या काळात जीवन कसं होतं?" असं विचारू नका. उत्तर येतं, "कष्टाचं होतं, पोरा", आणि गप्पा संपतात. हातात वस्तू द्या आणि म्हणा, "करून दाखवा." फर्मा, कात्री, कंदील, पितळी भांडं घडवायची हातोडी, काहीही. हात चालू झाला की तोंड चालू होतं. व्हिडिओ चेहऱ्याचा नको, हातांचा घ्या.

एकाच गोष्टीबद्दल दोघा-तिघांना विचारा. आठवण चुकते, सालं पुढे-मागे होतात. म्हणून जुनं लॉगबुक, बिडी कामगाराचं ओळखपत्र, मजुरीची चिठ्ठी मिळाली तर फोटो काढून ठेवा. हे कागद नुसते इतिहासाचे नाहीत, एखाद्या आजीच्या पेन्शनचा अर्ज त्यावर अडलेला असू शकतो. मात्र पीएफ नंबर, आधार नंबर असलेला फोटो ग्रुपवर टाकू नका. मी रोज डेटाचं काम करतो, म्हणून हात जोडून सांगतो.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि परवानगी बोलून घ्या. फाइलची कॉपी दोन ठिकाणी ठेवा. आणि झालं की ते परत त्यांना ऐकवा, बचत गटाच्या बैठकीत, चावडीवर. ऐकताना शेजारची बाई म्हणते, "नाही गं, तसं नव्हतं." तिथून खरं काम सुरू होतं.

एक लक्षात ठेवा. हे गोड गोड आठवणींचं प्रकरण नाही. बिडी विष आहे, आणि वळणाऱ्यांच्या छातीतही तंबाखूची धूळ गेलीय. खोकलाही रेकॉर्ड होऊ द्या, एडिट करून काढू नका.

या आठवड्याचं काम: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुमच्या कामात छाट कोण काढायचं?" शब्द वेगळा असेल, पण माल नाकारणारा कोणीतरी असतोच. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. पाठवलंत, आणि त्यांची परवानगी असली, तर त्यातले काही आवाज पुढच्या एपिसोडमध्ये ऐकू.

भेटू या. तोवर घरातला पत्रा भंगारात देण्याआधी एकदा आजीला दाखवा.