निराधार दावे व वकिलांवरील कारवाई

निराधार दावा म्हणजे वस्तुस्थितीचा वा कायद्याचा आधार नसलेला, केवळ प्रतिपक्षास त्रास देण्यासाठी दाखल केलेला दावा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ७, नियम ११ नुसार, वादाचे कारणच नसलेले वादपत्र न्यायालय फेटाळू शकते. खोट्या वा त्रासदायक दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली कमाल ३,००० रुपये भरपाई देववता येते. ती वकिलावर नव्हे, पक्षकारावर बसते. सवयीने असे दावे करणाऱ्यास महाराष्ट्रातील १९७१ च्या कायद्यान्वये, महाधिवक्त्याच्या अर्जावरून, उच्च न्यायालय पूर्वपरवानगीशिवाय दावा करण्यास मनाई करू शकते.

अशा दाव्यांना वकिलांनी साथ देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये अरिवंदंदम खटल्यात बजावले. गैरवर्तन सिद्ध झाल्यास अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ नुसार ताकीद, सनदेचे निलंबन वा नोंदवहीतून नाव कमी करणे या शिक्षा होतात. हा अधिकार बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचा आहे. अवमानाच्या अधिकारात न्यायालयाने सनद निलंबित करू नये, असा निर्णय १९९८ मध्ये झाला.

हरलेला प्रत्येक दावा मात्र निराधार ठरत नाही. चवदार तळे खाजगी असल्याचा दावा महाडच्या न्यायालयात डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व सहकाऱ्यांविरुद्ध दाखल झाला. तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला. तो फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. पुराव्यांती दावा फेटाळला गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपीलही फेटाळले.